कॅसेट कुणाची?

दोस्तहो, परीक्षा संपली की तुमच्या पत्रांचा गठ्ठा एकदम फुगतो. या वेळी त्यातलं एक पत्र मी तीनदा वाचलं. सिडकोत राहणाऱ्या, नववीत गेलेल्या एका दोस्ताचं आहे. तो लिहितो, ‘काका, बाबांनी कबूल केलंय, या वर्षी प्लेस्टेशन ५ घ्यायचा. दुकानदार म्हणतो, डिस्कची खाच नसलेला घ्या, दहा हजार रुपये वाचतील, गेम काय हल्ली नेटवरूनच उतरवतात. बाबांना पटलंय. ताईला पटलेलं नाही. मला काहीच कळत नाहीये. कोणता घेऊ? लवकर सांगा, रविवारी दुकानात जायचंय.’

आता एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण बाबांच्या खिशातून चाळीस-पन्नास हजार रुपये जाणार म्हटल्यावर एका ओळीत कसं सांगायचं? शिवाय या प्रश्नाचा निम्मा भाग मला माझ्याच लहानपणी शिकायला मिळाला होता, आणि त्याची फी बाबांनी भरली होती. तर आधी ती गोष्ट ऐका.

९९,९९९ गेमची कॅसेट

साल १९९६. मी सहावीत. आम्ही पंचवटीत एका तीन मजली बिल्डिंगमध्ये राहायचो. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात. त्या वेळी घराघरांत असायचा तो ‘टीव्ही गेम’. ‘मीडिया’, ‘समुराई’ ही नावं आई-बाबांना विचारून बघा, चेहरा कसा खुलतो ते! टीव्हीच्या मागे वायर जोडायची, चॅनल फिरवत फिरवत चित्र पकडायचं, वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची की सुरू. आत फीतबीत काही नसायची. एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिप, बस्स. तरी आम्ही म्हणायचो कॅसेटच.

दिवाळीच्या बोनसमधून बाबांनी सेट आणला आणि त्याबरोबर अडीचशे रुपयांची एक कॅसेट. तिच्यावर रंगीत चित्र आणि मोठ्या आकड्यांत लिहिलेलं : ९९,९९९ गेम. मी तर हवेतच! रोज एक खेळलो तरी दोनशे सत्तर वर्षं पुरतील, असा हिशेबसुद्धा मी वर्गात मांडून दाखवला होता.

चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिसरा गेम आणि सतरावा गेम सारखाच दिसतोय. फक्त सतराव्यात आपण दुसऱ्या पायरीवरून सुरू होतो. बाबांना सांगितलं. ते फर्स्ट शिफ्ट करून आले होते. चहा घेतला, माझी जुनी गणिताची वही मागवली आणि म्हणाले, ‘चल, मोजू.’ मी गेम लावायचा, त्यांनी नाव लिहायचं. मारिओ, टँक, बदक मारायचा, सर्कसवाला, गाडीवाला... दोन संध्याकाळी आम्ही बसलो. वहीत वेगळे गेम भरले किती? चौदा!

शनिवारी बाबा मला घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘साहेब, नंबर आहेत ना तेवढे? मोजून बघा. आम्ही वेगळे आहेत असं कुठं लिहिलंय?’ खरंच लिहिलं नव्हतं. कॅसेट परत घेतली गेली नाही. दुकानातून बाहेर पडताना मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण बाबा एवढंच म्हणाले, ‘पुढच्या वेळी डब्यावर काय लिहिलंय ते वाचून थांबायचं नाही. डब्यात काय आहे ते विचारायचं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. आज आपल्याला तेच लागणार आहे.

कुलूप नसलेलं मशीन

आता तुम्ही म्हणाल, हे टीव्ही गेम बनवत तरी कोण होतं? त्यांचा मूळ पुरुष जपानचा. निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचं पांढऱ्या-लाल रंगाचं मशीन बाजारात आणलं. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरनं ते तयार केलं. त्यातली कामाची मेमरी होती फक्त २ किलोबाइट! आणि अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम मावला होता ४० किलोबाइटमध्ये. आज तुम्ही मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत असे पन्नास मारिओ आरामात बसतील.

या मशीनला एक गंमत होती. कॅसेट कंपनीची आहे की दुसऱ्याच कुणाची, हे ते तपासतच नसे. म्हणजे घर आहे, दार आहे, पण कुलूप नाही. त्यामुळे दुसऱ्या देशांतल्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि कॅसेटच्याही नकला काढल्या. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या दुकानांत बिननावाचे जे सेट मिळायचे ते बहुतेक अशा नकलाच होत्या. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं. पण आज माहीत आहे, म्हणून सांगतो : त्या अडीचशे रुपयांतला एक पैसासुद्धा मारिओ बनवणाऱ्यांना मिळाला नव्हता. ज्यांनी रात्री जागून गेम रचला त्यांच्या हाती काहीच नाही, हे काही बरं नव्हे.

कंपनीनं पुढे काय केलं? १९८५ साली हेच मशीन नवं रूप घेऊन अमेरिकेत गेलं तेव्हा त्यात कुलपाची चिप बसवली. एक चिप मशीनमध्ये, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींची खूण पटली तरच गेम सुरू होणार. शिवाय गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना अट घातली : वर्षाला पाचच गेम काढायचे. याचं कारण होतं. १९८३ साली अमेरिकेत रद्दड गेमचा इतका पूर आला होता की लोकांनी गेम घेणंच सोडून दिलं. अटारी कंपनीनं तर न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या एका कचऱ्याच्या मैदानात पुरल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते मैदान खणलं, तर कॅसेट खरोखरच सापडल्या!

तर कुलपाचा उपयोग झाला. भंगार माल आटोक्यात आला. पण दोस्तहो, कुलूप आलं की किल्ली येते, आणि किल्ली कुणाच्या खिशात राहणार हा प्रश्नही येतो. इथून पुढची सगळी गोष्ट त्या किल्लीची आहे.

आमचा वहीवाला क्लब

आमच्या बिल्डिंगमध्ये सहा घरांत टीव्ही गेम होते. प्रत्येकाकडे कॅसेट एक किंवा दोन. एकट्याला परवडण्यासारखं त्याहून जास्त काही नव्हतं. मग आम्ही क्लब काढला. जिन्याखाली सायकली असायच्या तिथं मीटिंग. एक वही केली, त्यात तारीख, कॅसेटचं नाव, देणारा, घेणारा आणि सही. शनिवारी न्यायची, पुढच्या शनिवारी परत. उशीर झाला तर चार आण्यांचा दंड. हरवली तर नवी आणून द्यायची. तळमजल्यावरच्या काकू आमच्या खजिनदार होत्या, कारण त्यांच्यावर सगळ्यांच्या आयांचा विश्वास होता!

अशा तऱ्हेनं नऊ कॅसेटवर सहा घरं दोन वर्षं खेळली. त्यात एक होती माझ्या शेजारच्या मित्राची ‘काँट्रा’. ३० लाइफ मिळवायची ती बटणांची युक्ती त्यानंच मला शिकवली. १९९७ च्या मे महिन्यात त्याच्या वडिलांची औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा कॅसेट माझ्या घरी होती. मी पळत जाऊन आणेपर्यंत ट्रक कपालेश्वराच्या बाजूनं वळून गेलेला. वहीतल्या त्या ओळीपुढे ‘परत’ची सही आजही नाही.

मागच्या वर्षी माळा आवरताना ती कॅसेट निघाली. सेटही निघाला. भाची सुट्टीला आली होती. मी कॅसेटच्या पितळी पट्ट्या खोडरबरनं हलक्या हातानं घासल्या. (बरं का, आम्ही तोंडानं फुंकर मारायचो ते चूकच होतं. थुंकीच्या ओलाव्यानं पट्ट्या गंजतात. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणं उत्तम.) कॅसेट लावली, बटण दाबलं आणि काँट्रा सुरू! अठ्ठावीस वर्षांनी! कुठं नाव नोंदवायला नको, पासवर्ड नको, कुणाची परवानगी नको.

फक्त बंदूक मात्र चालली नाही. भाची बदकांवर गोळ्या झाडतेय आणि एकही बदक पडेना. तिला वाटलं, बंदूक बिघडली. बंदूक ठणठणीत होती. खरी गंमत अशी की त्या बंदुकीतून काही बाहेर पडतच नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश पाहणारा डोळा असतो. चाप ओढला की टीव्हीचा पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतल्या डोळ्याला तो चौकोन दिसला तर बदक पडलं! हे इतक्या झटक्यात होतं की आपल्याला फक्त एक लकाकी जाणवते. हा सगळा हिशेब जुन्या काचेच्या डब्बा टीव्हीच्या वेगावर बेतलेला. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि त्याचा प्रकाशही वेगळ्या तऱ्हेचा, त्यामुळे बंदुकीला चौकोन दिसतच नाही. वस्तू चांगली राहिली तरी तिच्या भोवतीचं जग बदलतं, ते असं.

कंपन्यांना झालेली उपरती

आता २०१३ सालात या. २१ मे रोजी मायक्रोसॉफ्टनं ‘एक्सबॉक्स वन’ जाहीर केला. त्याचे नियम ऐका. मशीननं दर चोवीस तासांत एकदा नेटवर हजेरी लावायची, नाहीतर गेम बंद. विकत घेतलेला गेम मित्राला द्यायचा तर एकदाच, आणि तोही मित्र तुमच्या यादीत निदान तीस दिवस असला पाहिजे!

आमच्या वहीवाल्या क्लबचं काय झालं असतं, विचार करा. आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेट गेलं, वीज गेली की दोन-दोन दिवस हजेरी कुठली लावणार? खेळणाऱ्यांनी जगभर एवढा ओरडा केला की बस्स. त्याच जूनमध्ये सोनीनं काही सेकंदांची एक फिल्म दाखवली : प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा घेतो. संपली फिल्म! १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं दोन्ही नियम मागे घेतले. जाहीर केल्यापासून महिनाही झाला नव्हता.

पण म्हणून सोनीला लगेच हार घालायला नको. मार्च २०२१ मध्ये सोनीनंच जाहीर केलं की प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा या जुन्या मशीनची नेटवरची दुकानं बंद करणार. पुन्हा ओरडा. एप्रिलमध्ये त्यांनीही कबूल केलं की निर्णय चुकला, आणि ती दोन्ही दुकानं चालू ठेवली. निन्टेन्डोनं मात्र २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएस आणि वी यू यांची दुकानं बंद केलीच. आधी घेतलेले गेम उतरवता येत राहिले, पण नवीन घेणं संपलं. कित्येक लहान गेम फक्त तिथंच मिळत होते.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ‘द क्रू’ नावाच्या मोटारींच्या गेमची. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला. एकट्यानं खेळायचा असला तरी नेट लागायचंच. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीनं आपल्याकडचा सर्व्हर बंद केला. झालं! ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क नुसती गोल चकती होऊन बसली. दहा वर्षंसुद्धा भरली नाहीत. माझी काँट्राची कॅसेट अठ्ठावीस वर्षांची आहे!

यातून युरोपात मागणी उठली : गेम विकायचा तर तो बंद करताना लोकांना खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. जुलै २०२५ पर्यंत तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे : नेटवर ‘विकत घ्या’ असं बटण असेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगा की तुम्ही वस्तू घेत नाही, वापरायची परवानगी घेताय. आणि ती परवानगी काढून घेतली जाऊ शकते.

पाहिलंत? पुन्हा तेच. डब्यावर लिहिलंय ‘विकत घ्या’. डब्यात काय आहे? परवानगी!

मग दहा हजारांचं काय?

आता येऊ सिडकोच्या दोस्ताकडे. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं बारीक रूप आलं तेव्हा किमती ५४,९९० आणि ४४,९९०. किमती हलल्या, पण तेव्हाही फरक तोच होता, दहा हजार. दुकानदार काही खोटं बोलत नाहीये.

पण वही काढा आणि बाबांबरोबर असा हिशेब मांडा. सोनीचा नवा मोठा गेम प्लेस्टेशन ५ बरोबर ४,९९९ रुपयांना आला होता. समजा, तुम्ही तो डिस्कवर घेतला, संपवला आणि ओळखीच्या मुलाला २,५०० ला दिला. तुमचा खर्च अडीच हजार. असे चार गेम झाले की दहा हजार रुपये परत आले! पाचव्या गेमपासून डिस्कवाला सेट स्वस्त पडू लागतो. मित्राबरोबर अदलाबदल केलीत तर त्याहून लवकर. नेटवरून उतरवलेला गेम ना विकता येतो, ना दोस्ताला नेऊन देता येतो.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. नेटवरच्या दुकानात सवलतींचे सेल लागतात, तेव्हा जुने गेम फार स्वस्त मिळतात. डिस्कवर ओरखडे पडतात, नेटच्या गेमवर पडत नाहीत. तुम्ही वर्षाला एकच गेम खेळणार असाल, आसपास गेम खेळणारं कुणी नसेल, तर बिनडिस्कचा घेतलात म्हणून काही बिघडत नाही. आणि बारीक रूपातल्या बिनडिस्कच्या सेटला डिस्कचा भाग नंतर वेगळा घेऊन बसवता येतो. मात्र बसवल्यावर पहिल्यांदा त्याची नेटवर नोंद करावी लागते. हा भाग दुकानात मिळतो का आणि केवढ्याला, हे आधीच विचारा.

डिस्क किंवा कॅसेट हातात आली म्हणजे सगळं जिंकलं असंही समजू नका. ५ जून २०२५ रोजी निन्टेन्डोचा ‘स्विच २’ आला. त्याच्या काही गेमच्या कॅसेटमध्ये गेमच नाही! आत आहे फक्त किल्ली. कॅसेट लावायची आणि गेम नेटवरून उतरवायचा. एवढं बरं की ही किल्ली दुसऱ्याला देता तरी येते. पण उद्या ते दुकान बंद झालं तर? म्हणून डब्याची मागची बाजू, बारीक अक्षरं, सगळं वाचायचं.

माझं मत विचाराल तर : घरात ताई आहे, बिल्डिंगमध्ये दोस्त आहेत, तर डिस्कवाला घ्या. हिशेब जुळतो म्हणून तर घ्याच. पण त्याहून मोठं कारण असं की देण्याघेण्याची सोय हातात राहते. आमचा क्लब गेमपायी सुरू झाला, पण काकूंच्या हातची भजी, दंडाच्या चार आण्यांवरून झालेली भांडणं आणि शनिवारची वाट पाहणं, हे सगळं त्या वहीनं दिलं. ते कुठल्या दुकानातून उतरवता येत नाही.

आपोआप चालणारा माणूस

नाशिकरोडहून एका मैत्रिणीनं विचारलंय, ‘कंट्रोलर खाली ठेवला तरी माझा माणूस डावीकडे चालत राहतो. भूत आहे का?’ भूत नाही ग! कंट्रोलरवरच्या त्या छोट्या दांडीखाली कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावर एक बारीक पाता घासत फिरतो. पाता कुठं आहे यावरून मशीनला कळतं, दांडी किती वाकली. घासून घासून पट्टी झिजली की दांडी मधोमध असूनही मशीनला ती वाकल्यासारखी वाटते. निन्टेन्डोच्या स्विचमध्ये ही तक्रार इतकी वाढली की अमेरिकेत खटले झाले आणि जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली.

यावर उपाय नाही असं नाही. पात्याऐवजी लोहचुंबक बसवायचं आणि न टेकता त्याची जागा ओळखणारा सेन्सर लावायचा. घासणंच नाही, तर झिजणार काय? आणि हे आजचं संशोधन नाही हं. सेगा कंपनीच्या १९९८ सालच्या ‘ड्रीमकास्ट’च्या कंट्रोलरमध्ये हेच होतं! मग इतक्या वर्षांनीही मोठ्या कंपन्या पट्टीलाच का चिकटून राहिल्या? माझा खरा राग इथं आहे. झिजणारा भाग द्यायचा तर तो सहज बदलता यावा असा द्या, नाहीतर न झिजणारा द्या. हजारोंचा कंट्रोलर एका पट्टीपायी कचऱ्यात जाऊ नये.

मैत्रिणी, आधी सेटिंगमध्ये दांडीची मधली मोकळी जागा वाढवता येते का ते बघ. वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः उघडू नकोस, बिल घेऊन जा. इथं अजून एक गोष्ट सांगतो. स्विच मार्च २०१७ मध्ये जगात आला, पण आपल्याकडे निन्टेन्डोनं तो स्वतः विकायला आणला नाही. बाहेरून मागवणाऱ्या दुकानदारांकडून लोकांनी तो घेतला. असा सेट घेताना विचारायचा प्रश्न एकच : बिघडला तर जबाबदारी कुणाची? उत्तर कागदावर लिहून मागायचं.

आई-बाबांसाठी चार ओळी

तुम्हाला वाटेल, हे काका मुलांना आणखी भरीस घालतायत. तसं नाही. आपल्याकडे ही मशीन कधीच स्वस्त नव्हती. १९९५ च्या सुमारास सेगाचं मशीन शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आलं. बाहेरून आणण्यावर ऐंशी टक्के जकात, आणि एका सेटची किंमत अठरा हजार रुपये! त्या अठरा हजारांत तेव्हा घरात रंगीत टीव्ही येत होता. म्हणून नकला खपल्या आणि म्हणून आम्ही फसलो. आज फसवणुकीचं रूप बदललंय. तेव्हा आकडा खोटा होता, आज शब्द निसरडे आहेत.

माझं सांगणं एवढंच. घ्यायचा असेल तर मुलाला बरोबर बसवून हिशेब करा. पक्कं बिल घ्या. नेटवरच्या खात्याला तुमचं कार्ड कायमचं जोडून ठेवू नका, लागेल तेवढीच रक्कम भरा. खेळाची वेळ मुलानंच वहीत लिहावी, सही तुमची. आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, कारण सांगा. माझे बाबा दोन संध्याकाळी माझ्या शेजारी बसून चौदा गेम मोजत होते. त्यांना एकही खेळता येत नव्हता. पण त्या वहीइतका गेमचा चांगला धडा मला आजवर कुणी दिलेला नाही.

हो, राहिलंच! भाची गेल्यावर मी जुन्या शेजाऱ्यांकडे चौकशी करत करत त्या मित्राचा पत्ता मिळवला. कॅसेट नीट गुंडाळून संभाजीनगरला पाठवून दिली. सोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स. आठ दिवसांनी ती झेरॉक्स परत आली. ‘परत’पुढे त्याची सही होती आणि खाली लिहिलं होतं : ‘दंड चार आणे दर आठवड्याला. अठ्ठावीस वर्षांचा हिशेब करून पाठव!’

मी हिशेब केलाय. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर ३६४ रुपये होतात. पाठवतोय.

गेल्या वेळच्या कोड्याचं उत्तर : फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये पहिल्यात नसलेली वस्तू म्हणजे मायक्रोफोन.

या वेळचं कोडं : पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात १५ कप्पे असायचे. काही गेमना १ कप्पा लागतो, काहींना २ आणि काहींना ४. एकूण ७ गेम साठवले आणि कार्ड बरोबर भरलं. तिन्ही प्रकारांतला निदान एकेक गेम आहेच. तर प्रत्येक प्रकारचे किती? उत्तरं दोन आहेत. दोन्ही सापडली तरच शाबासकी!

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर उन्हात जास्त हिंडू नका, आणि रविवारी दुकानात वही न्यायला विसरू नका.

तुमचा,
गेमवाला काका